‘तेल’ या नोंदीपर्यंत

९ फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र शिंपीणबाईंच्या हाती देते आहे. पोस्टाने पाठवलं तर तुझ्याआधी ते तुमच्या पेढीवर फुटेल. वाचून झालं की शेगडीत घाल.

तू परत पाठवलेला ह्यांच्या कोशाचा फर्मा, ‘तेल’ची ती जुळवलेली पानं, पोचला. बरोबर चिठ्ठी नव्हती. फक्त एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. ह्यांनी तो कागद टेबलावर पसरला आणि सकाळभर त्या वाक्यातली चूक शोधत बसले. वेलांट्या पाहिल्या, स्वल्पविराम पाहिला, जुनं प्रूफ काढून ताडून पाहिलं. दुपारी मला म्हणाले, “तुझ्या मुलीची नजर अधू झालीय. वाक्य शुद्ध आहे.”

मी म्हटलं, “रेघ त्यासाठी नाही.”

“मग कशासाठी?”

“तिचं वाक्य आहे ते. तिने सांगितलेलं. जसंच्या तसं छापलंत.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि जेवायला आले नाहीत. याचा अर्थ पश्चात्ताप असा घेऊ नकोस. मी घेतला होता. संध्याकाळी म्हणाले, “पण त्या नोंदीत तेवढं एकच वाक्य असं आहे की जे वाचून माणूस विश्वास ठेवेल.”

बाकीची नोंद साबणवाल्याने सांगितलेली आहे, हे तुला माहीत आहे. यंत्राचं तेल गाळतात, त्याचा वास काढतात, खाण्याच्या तेलात मिसळतात, मग तेल चमकतं आणि खाणाऱ्यांचे पाय बधिर होतात. हे सगळं कोणीही सांगू शकलं असतं. ‘असे तेल विकणाऱ्याच्या घरी स्वयंपाकाचे तेल दुसऱ्या दुकानातून येते’, हे कोणीही सांगू शकत नाही. तू गुपचूप येऊन सांगितलंस तेव्हा आपण तिघं मागच्या खोलीत होतो. तू म्हणालीस, लिहा, पण माझा माग लागणार नाही असं लिहा. ह्यांनी नाव गाळलं. नातं गाळलं. वाक्य गाळलं नाही. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवलं, आणि माझाही हात अडखळला नाही.

तू चिडून बोलणं टाकलंस ते ठीकच. पण आता ऐक. तोच फर्मा व्यापारी मंडळाच्या सगळ्या सभासदांकडे गेलाय. कोशाचा कागद मंडळाचा, छपाई मंडळाची, म्हणून प्रत्येक फर्मा छापण्याआधी त्यांना दाखवायचा ही रीत. आजवर ते फक्त आपापली नावं देणगीदारांच्या पानावर ठळक आलीत का एवढंच पाहायचे. या खेपेला वाचलंय. अध्यक्षांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, तर दोनदा वाचलंय म्हणे.

घरात कुणी तुला काही विचारलं का? एवढं कळव. ह्यांच्याशी बोलू नकोस हवं तर. माझ्याशी बोल.

आई


१३ फेब्रुवारी

चिमणे,

शिंपीणबाई म्हणाल्या, तू पत्र घेतलंस आणि बाह्यांच्या मापाखेरीज काही बोलली नाहीस. बरं.

काल मंडळाचे चिटणीस येऊन गेले. तेच ते लोखंडवाले. रस्त्यावरूनच ओरडले, “काय पुढचा खंड, आहात का घरात?” सगळा बाजार ह्यांना याच नावाने हाक मारतो आता. हे दार उघडून म्हणाले, “आहे.” जणू ते त्यांचं खरंच नाव.

“वहिनी, चहा नको, घाईत आहे,” असं म्हणून ते दोन कप प्यायले. मग पहिला खंड कपाटातून काढून चाळत बसले.

“काय हो, ‘उधार’ उघडलं तर ‘पाहा: व्याज’. व्याज आम्ही कधी पाहणार?”

“व आल्यावर,” हे म्हणाले.

“म्हणजे आमची नातवंडं पाहतील. बरं, ते राहू द्या. अध्यक्ष रागावलेले नाहीत, हे आधी सांगतो. त्यांना फक्त कुतूहल आहे.”

“कशाचं?”

“ते वाक्य कुणाचं?”

“कोशाचं.”

“तसं नव्हे हो. तुमची रीत आम्हाला नवीन आहे का? साबणवाल्याला तेलाचं विचारायचं, तेलवाल्याला कोळशाचं. स्वतःच्या धंद्याचं कोण खरं सांगतो? मीच नाही का तुम्हाला दोरखंडाचं सांगितलं?”

“छान सांगितलं होतं तुम्ही. ओले करून वजनावर विकतात ते.”

“हळू. दोरखंडवाला माझा मेहुणा आहे.”

“द यायला अजून वर्ष आहे.”

चिटणीस हसले. मग कप बशीवर ठेवून सावकाश बोलू लागले. दुकानदाराला शेजारच्या दुकानातलं कळतं, शेजारच्या स्वयंपाकघरातलं कळत नाही. मंडळात तेलाचं मोठं घर एकच, अध्यक्षांचं. त्या घरात शेगडीपाशी जाणाऱ्या चौघी. तीन सुना आणि एक स्वयंपाकीण; मोठ्या बाई तिकडे जात नाहीत. “चौघींपैकी कोण तुमच्याशी बोललं, एवढाच प्रश्न. त्यात एक तुमची मुलगी आहे हे अध्यक्षांच्या लक्षात आहे. पण ती म्हणे तुमच्याकडे फिरकतही नाही, म्हणून ते तिच्यावर थेट बोट ठेवत नाहीत. सभा एक तारखेला आहे. तुम्ही नाव सांगा. मंडळ ज्ञपर्यंतचा कागद देईल, छपाई देईल, तसं लेखी देईल. लेखी, कोशकार. आजपर्यंत असं कुणाला दिलंय मंडळाने?”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर ‘त’ला कुलूप. ‘तेल’ हीच शेवटची नोंद. तीसुद्धा छापायची नाही.”

ते गेल्यावर ह्यांनी तच्या पुढच्या अक्षरांच्या, नोंदींच्या चिठ्ठ्यांनी भरलेल्या सगळ्या पेट्या खाली काढल्या आणि त्यांच्यावरची धूळ पुसली. थ, द, ध, न. एकेक पेटी मांडीवर घेऊन, कोपरेसुद्धा. मी विचारलं, “हे कशाला आता?”

“धूळ आहे म्हणून.”

पेट्या उंचावर होत्या. गेल्या दोन वर्षांत त्यांना हात लागला नव्हता.

काळजीचं काही कारण नाही. तू फक्त नेहमीसारखी वाग. फार गोड बोलू नकोस कुणाशी, तुला ते जमत नाही आणि दिसून येतं.

आई


२० फेब्रुवारी

चिमणे,

शिंपीणबाईंनी आणलेल्या छोटीच्या फ्रॉकच्या अस्तरातून तुझी चिठ्ठी निघाली. तुझं अक्षर बिघडलंय.

म्हणजे स्वयंपाकीणबाईंना काढलं. आणि छोटीला आता तुझ्या सासूबाई आपल्या खोलीत निजवतात. ‘सुनेची चूक निघाली तर सून जाईल, नात जाणार नाही’, हे तुझ्या थोरल्या जावेने तुला भाजी चिरता चिरता सांगितलं. तू लिहितेस की तिने ते सहज सांगितलं. असलं कुणी सहज सांगत नाही. ती घाबरली आहे. चौघींतली एक गेली, आता तिघी उरल्यात, आणि तिलाही मुलं आहेत.

जावईबापूंनी काही विचारलं नाही म्हणतेस. जो विचारत नाही त्याला माहीत असतं. पण न विचारण्याचे उपकार मान.

तुझा प्रश्न: बाबा नाव सांगणार आहेत का, हो की नाही, एवढंच लिही.

मी त्यांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातूनच विचारलं.

“सभेत नाव सांगणार आहात का?”

“सभा अजून झालेली नाही.”

“झाल्यावर काय विचारू? आत्ता विचारतेय.”

“तू विचारतेस की ती?”

“ती.”

त्यांनी वस्तरा धुतला, पुसला. मग म्हणाले, “तिला सांग, मी आयुष्यात कधी खोटं छापलेलं नाही.”

त्यांना वाटलं, आपण धीर दिला. चिमणे, हा माणूस एका शहरातली वजनं दुसऱ्या शहरात जुळेनात म्हणून ‘कापूस’ तीन वर्षं अडवून बसला होता. एका दाणेवाल्याने भीतीपोटी सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, तर त्या एका ओळीसाठी यांनी छापून झालेला फर्मा रद्द करवला. अशा माणसाला भर सभेत कुणी सरळ प्रश्न विचारला तर तो सरळ उत्तर देईल, याचीच मला भीती आहे. लबाड नवरा असता तर मी तुला आज निर्धास्त ‘नाही’ लिहिलं असतं.

म्हणून ‘हो’ही लिहीत नाही आणि ‘नाही’ही लिहीत नाही.

आज मी छापखान्यात जाऊन आले. तेलाचा फर्मा जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलाय. कंपोझिटर म्हणाले, “बाई, तुमचा कोश मी इतकी वर्षं उलटाच वाचत आलो. छपाईच्या खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात ना. डोक्यात काही शिरत नाही. पण हे तेलाचं मी प्रूफ घरी नेऊन सुलटं वाचलं. बायकोचे पाय बधिर व्हायचे. आम्ही त्यांचंच तेल खात होतो. दुकान बदललं.”

“फरक पडला?”

“बघायचं. आता मुंग्या येतात म्हणते. आधी त्याही येत नव्हत्या.”

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी लगेच चिठ्ठी ओढली आणि लिहू लागले, पाय बधिर होणे, तेल बदलल्यावर मुंग्या. मी चिठ्ठी काढून घेतली. त्यांना राग आला. मलाही.

छोटीला मागून घेऊ नकोस. मागितलंस तर का मागतेस ते विचारतील. एक तारखेपर्यंत कळ काढ.

आई


२५ फेब्रुवारी

चिमणे,

तुमच्या स्वयंपाकीणबाई आज आल्या होत्या.

मी दार उघडलं तेव्हा ओळखलंच नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, “साहेबांना बाहेर बोलवा.” हे चष्मा कपाळावर ठेवून बाहेर आले.

“साहेब, तुम्ही मला ओळखता?”

“नाही.”

“कधी बोललोय आपण?”

“नाही.”

“मग तसं त्यांना जाऊन सांगा. एवढ्यासाठीच आले. चार घरी फिरले कामासाठी. सगळ्यांना कळलंय. घरातलं बाहेर सांगणारी बाई कोण ठेवील? मी त्या घरात इतकी वर्षं पोळून घेतलं, पण तोंडातून वाफ काढली नाही. दुसऱ्याच्या दुकानातलं तेल मीच तर आणायची. पिशवीत घालून, वर भाजी ठेवून.”

ह्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. काय सांगणार? ही नाही असं सांगितलं की तिघी उरतात. मंडळ उरलेल्या तिघींना विचारणार, आणि त्यातल्या दोघी स्वतःला वाचवायला तिसरीकडे पाहणार. स्वयंपाकीणबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्या ह्यांच्याकडे बराच वेळ पाहत होत्या, नंतर माझ्याकडे वळल्या.

“धाकट्या वहिनींना निरोप द्याल? छोटीला मोठ्या बाई साखरेचं दूध पाजतात. तिचे दात किडतील.”

“मी कसा देणार निरोप? ती येत नाही इथे.”

“नाही येत,” त्या म्हणाल्या. “पण द्या.”

आणि गेल्या. जिना उतरताना कठड्याला धरून उतरल्या.

हे पुन्हा टेबलाशी जाऊन बसले, पण चिठ्ठ्यांना हात लावला नाही. मी समोर बसून ‘त’ची अनुक्रमणिका उतरवत होते. मला म्हणाले, “ती खरं बोलतेय.”

“हो.”

“आणि तिला त्याचा काही उपयोग नाही.”

“आज कळलं?”

मी हे टोचून बोलले. त्यांनी वर पाहिलं नाही. मग विचारलं, “तिला ठाऊक आहे ना? कोण बोललं ते?”

“तिने सांगितलं आत्ताच. तुम्ही ऐकलंत.”

“मग तिने तिथे का सांगितलं नाही? नोकरी राहिली असती.”

काही गोष्टी अनुक्रमणिकेत घालून समजावता येत नाहीत. पण पुढे दिवसभर ते त्याच एका प्रश्नाशी अडकले होते. जेवताना मध्येच थांबले. कपडे वाळत घालताना माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि काही न बोलता परत गेले.

सभेला मीही जाणार आहे. मंडळाचं कामकाज लिहून घ्यायला चिटणीसांना दरवेळी माझं अक्षर लागतं. मी काही ठरवलं आहे. ते इथे लिहीत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही. तुला इतकंच सांगते की एक तारखेला नाव निघालंच तर ते तुझं निघणार नाही.

आई


२ मार्च

चिमणे,

तुला काल संध्याकाळपर्यंत काही ना काही कळलं असेलच. पण तुझ्या सासऱ्यांच्या तोंडून कळलेलं वेगळं आणि मी लिहून घेतलेलं वेगळं.

मंडळाची ती लांब खोली. प्रत्येकासमोर पाण्याचा पेला आणि तेलाचा फर्मा. तुझे सासरे उठून सामोरे आले. “या व्याही, बसा. विहीणबाई, तुम्ही लिहून घेणार? घ्या. तुमचं अक्षर कोशापेक्षा बरं आहे.” सगळे हसले. मीही हसले.

त्यांनी पाल्हाळ लावला नाही. फर्मा हातात घेतला, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “आपलं नातं घटकाभर बाजूला ठेवू. ज्ञपर्यंतचा कागद मंजूर करणारा ठराव इथे तयार आहे. मला नाव द्या.”

हे उभे राहिले. हात फर्म्यावर ठेवले होते. मी लेखणी खाली ठेवली आणि उठू लागले. मी काय बोलणार होते ते आता सांगायला हरकत नाही. म्हणणार होते की सगळा कोश माझ्या अक्षरातून जातो, ते वाक्य मी मध्ये घातलं. पण माझी खुर्ची भिंतीला अडकली आणि तेवढ्यात हे बोलले.

“नाव नाही.”

“सांगणार नाही म्हणता?”

“नाव असं काही नाहीच. हे कुणी सांगितलेलं नाही. मी रचलं.”

“रचलं म्हणजे?”

“बसून लिहिलं.”

“का?”

ह्यांनी जरा विचार केला. खरोखर विचार केला, मला त्यांचा चेहरा दिसत होता. म्हणाले, “परिच्छेद लवकर संपत होता.”

पलीकडच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. तुझे सासरे हसले नाहीत. ते ह्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. चिमणे, त्यांना खरं वाटलं असेल असं मला वाटत नाही. पण माणूस हुशार आहे. एक नाव मिळून काय झालं असतं? घरची बाई बोलली, म्हणजे गोष्ट खरी, असा गवगवा झाला असता. त्यापेक्षा हे हातात पडलेलं मोठं होतं.

“आणि यंत्राच्या तेलाचं जे लिहिलंय?”

“तेही.”

“तसं लिहून द्याल?”

“देईन.”

“विहीणबाई, लिहा.”

मी लिहिलं. एवढ्यावर संपलं असतं तर ठीक होतं. पण चहावाले उठले. म्हणाले, “कोशकार, मग ‘चहा’खाली जे छापलंय, वापरलेली पानं वाळवून पुन्हा विकतात म्हणून, तेही असंच का?”

हे त्यांच्याकडे पाहू लागले. मला वाटलं आता हे चिडतील. ‘चहा’साठी ते स्वतः गोदामाच्या मागे उकिरड्यापर्यंत गेले होते.

“तेही,” म्हणाले.

मग रांगच लागली. कोळशाचं? तेही. कापडाला खळ देऊन जड करतात ते? तेही. कागदवाले म्हणाले, कागदात माती असते म्हणून छापलंय, ते ज्या कागदावर छापलंय तो आम्हीच दिलेला होता. तेही. चामड्याचं, जुनंच घासून गुळगुळीत करून खपवतात ते. तेही. प्रत्येकजण आपापली नोंद सोडवून घेत होता आणि खाली बसताना शेजाऱ्याकडे बघत होता. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपली नोंद याच शेजाऱ्याने सांगितली आहे. फक्त चिटणीस काही बोलले नाहीत. ते टेबलाकडे बघत होते.

शेवटी अत्तरवाले. म्हातारे झालेत फार. कापऱ्या आवाजात म्हणाले, “आणि माझं?”

‘अत्तर’ ही ह्यांनी लिहिलेली पहिली नोंद. आमचं लग्न व्हायच्या आधीची. इथे ते थांबले. मला वाटतं एवढी एक त्यांना ठेवायची होती. पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

“तेही,” म्हणाले.

मी तेही लिहिलं.

येताना आम्ही चालत आलो. मी म्हटलं, “मी उठले होते.”

“पाहिलं,” ते म्हणाले. “म्हणून घाई केली.”

आई


१७ मार्च

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. ‘बाबांनी अख्खा कोश खोटा करून टाकला, त्यापेक्षा माझं नाव सांगायचं होतं, मी सांगितलेलं खरं होतं.’

छोटी पुन्हा तुझ्याजवळ निजू लागल्यावर तुला हे सुचलं. त्याआधी सुचलं नाही, सुचायलाही नको होतं. मी रागावलेली नाही. पण स्वयंपाकीणबाईंना परत घेतलं नाही, हे मला तुझ्या पत्रातून कळायला हवं होतं, शिंपीणबाईंकडून नव्हे.

इथलं विचारतेस. ह्यांचं निवेदन मंडळाने छापून प्रत्येक दुकानावर डकवलंय. हे कोपऱ्यावर जाऊन वाचून आले आणि त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका आहेत म्हणाले. लोक पहिला खंड परत आणून देतात. काही पैसे मागतात, काही नुसताच उंबऱ्यावर ठेवून जातात. समोरच्या खोलीत आता चालायला वाट राहिलेली नाही. हे ते खंड नीट रचून ठेवतात. ‘पुढचा खंड’ म्हणून कुणी हाक मारत नाही. मारली असती तर बरं वाटलं असतं.

चिठ्ठ्यांच्या पेट्या आहेत तिथेच आहेत. त्यांना हात लावत नाहीत. एकदा मी विचारलं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या मंडळाकडे? म्हणाले, “‘मी रचलं’ म्हणणाऱ्या माणसाचा कोश कोण छापील? मीही छापला नसता.” त्यात दुःख नव्हतं. नियम सांगावा तसं सांगितलं.

परवा तुमच्या दुकानाच्या गाडीवरून तेलाचा एक मोठा डबा आला. वर तुझ्या सासऱ्यांची चिठ्ठी, ‘आता आमचे तेल चालायला हरकत नसावी.’ मी तो दाराबाहेरच ठेवणार होते. ह्यांनी आत आणला.

“उद्यापासून हे वापर.”

मला वाटलं थट्टा करतायत. “काय बोलताय?”

“नोंद खोटी होती असं मी लिहून दिलंय. मग तेल चांगलं आहे.”

“तुम्ही लिहून दिलंय. मी नाही दिलेलं.”

“तुझं अक्षर आहे.”

आमचं इतकं कडाक्याचं भांडण लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर झालं नव्हतं. मी म्हटलं, खोटं बोललात ते एकदा बोललात, आता ते जन्मभर जेवायचं का? ते म्हणाले, अर्धवट खोटं टिकत नाही. उद्या चिटणीस येतील, डबा तसाच भरलेला बघतील, आणि मग पुन्हा तोच प्रश्न, चौघींतली कोण. दोन दिवस मी उकडून, भाजून वाढलं. डबा शेगडीशेजारी तसाच होता. हे जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

आज सकाळी कंपोझिटर आले. फर्मा सोडला, खिळे खणांत परत टाकले, हे सांगायला. मी त्यांना आतच बसवलं, बाहेरच्या खोलीत जागा कुठे आहे. पाणी पिता पिता त्यांची नजर डब्यावर गेली. दुकानाचं नाव वाचलं. चेहरा एकदम मोकळा झाला.

“म्हणजे तुम्हीही हेच आणता! बरं झालं बाई. कोपऱ्यावरचं ते निवेदन मी वाचलं होतं, पण मन घेत नव्हतं. म्हटलं, साहेब उगाच कशाला रचतील? आता डोळ्यांनीच बघितलं. आम्ही आपले लांबच्या दुकानात जायचो, केवढी पायपीट. हिच्या पायांना उतार पडलाय, पण तो आपोआपच पडला म्हणायचा. आजच जाताना घेऊन जातो.”

ते ह्यांच्याकडे बघून हसले. हे आपल्या हातांकडे बघत होते. मी वाट पाहिली. चिमणे, मी पुष्कळ वाट पाहिली. ‘नका घेऊ’ एवढं म्हणायला त्यांना कोशाची गरज नव्हती. पण तसं म्हटलं की ते चिटणीसांच्या कानावर जाणार, आणि छोटी पुन्हा त्या खोलीत. हे त्यांच्या डोळ्यांपुढून जात होतं, मला दिसत होतं. माझ्याही जात होतं.

मी उठले. डब्याचं झाकण चमच्याने उचकटलं. डबा ओढत मागच्या दारी मोरीपाशी नेला आणि तिरका केला. तो जड होता. माझ्या हातून सुटू लागला, तेल पायांवर आलं. कंपोझिटर उठून दारात आले आणि तिथेच थांबले.

मग डबा हलका लागला. हे येऊन उकिडवे बसले होते आणि त्यांनी खालून धरला होता. रिकामा होईपर्यंत धरून ठेवला.

कंपोझिटर निरोप न घेता गेले. ते बोलणारे नाहीत असं मला वाटतं, पण मी त्यांना बोलू नका असं सांगितलेलं नाही. त्यांच्या शेजारी, त्यांच्या चाळीत त्याच दुकानातलं तेल जातं. त्यांना सावध करा, तेही मी सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

मोरीचं पाणी पुढच्या गल्लीतल्या नाल्याला मिळतं. मी दोन बादल्या ओतल्या, तरी तिथे अजून चकाकतंय. चिटणीस रोज तिथूनच जातात.

छोटीला जवळ घेऊन निज.

आई